सोनगीरच्या रेडिओवर कोणते गाणे लागते?

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले की सुमारे २० किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर जुना किल्ला, खाली गाव, आणि गावात तांब्यापितळेची भांडी घडवण्याचा पिढीजात धंदा. रेडिओच्या इतिहासात सोनगीरचे नाव कुठेही येत नाही. इथे कधी मोठे प्रक्षेपण केंद्र नव्हते, की रेडिओचा कारखाना नव्हता. आपल्याला जो प्रश्न तपासायचा आहे त्यासाठी असेच गाव बरे. प्रश्न असा : गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत सोनगीरच्या माणसाने रेडिओची खुंटी फिरवली, तेव्हा त्याला कोणते गाणे ऐकू आले? आणि ते कोणी ठरवले?

‘ज्याला जे आवडते ते तो ऐकतो’ हे उत्तर पटकन सुचते, पण ते पुरे पडत नाही. श्रोता निवड करतो ती त्याच्यापर्यंत पोचलेल्या गाण्यांतून. कोणते गाणे पोचणार हे आधी लहरींच्या गुणधर्मांवर ठरते, मग केंद्राचा खर्च कोण भागवतो यावर. श्रोते मोजायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न तर फार महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहा केंद्रे आली. देशात रेडिओसंच होते सुमारे पावणेतीन लाख. सोनगीरला सर्वांत जवळचे केंद्र मुंबईचे, म्हणजे सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले. तेही जवळजवळ तितकेच लांब. ही केंद्रे मध्यमलहरींवर चालत. मध्यमलहरी दिवसा जमिनीच्या पृष्ठभागाला धरून जातात आणि जाताजाता क्षीण होतात. ज्या लहरी वर आकाशाकडे जातात त्यांना दिवसा आयनांबराचा खालचा थर शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर हा थर विरतो आणि वरच्या थरावरून परावर्तित झालेल्या लहरी दूरवर उतरू लागतात. म्हणून दिवसा खरखरणारे दूरचे केंद्र रात्री स्वच्छ लागते, आणि त्याच्याबरोबर नको असलेली आणखी चार केंद्रेही लागतात.

लघुलहरींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना आयनांबराचा वरचा थर दिवसाही परत पाठवू शकतो. हा थर जमिनीपासून २५०-३०० किलोमीटर उंच असतो, त्यामुळे एका परावर्तनात लहर दोन-तीन हजार किलोमीटर पलीकडे उतरते. कोलंबो ते सोनगीर हे अंतर सुमारे साडेसोळाशे किलोमीटर आहे. एका उडीत पार होण्याजोगे! हे अंतर लक्षात ठेवू या, कारण पुढची सगळी हकिगत त्यावर उभी आहे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. ते शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. राजेरजवाड्यांचा आश्रय संपला आहे, तेव्हा आता हे संगीत सांभाळणे सरकारचे काम, आणि त्यासाठी रेडिओ हेच साधन, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. गायक-वादकांच्या कसून चाचण्या होऊ लागल्या. दुसऱ्या बाजूला सिनेसंगीतावर कात्री आली : एकूण वेळेच्या दहा टक्क्यांपर्यंतच गाणी, तीही निवडून. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती चित्रपटाची जाहिरात ठरते. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली, आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत काही काळ जवळजवळ नाहीसे झाले.

केसकरांची नुसती थट्टा करण्याची पद्धत पडून गेली आहे. ती मला अन्यायाची वाटते. आज ज्या गायक-वादकांची आकाशवाणीच्या संग्रहातली ध्वनिमुद्रणे आपण अपूर्वाईने ऐकतो, त्यांतल्या कितीतरी जणांना त्या दशकात रेडिओने काम दिले. सिनेगीतांची जागा भरून काढण्यासाठी केंद्रांनी स्वतः सुगम संगीत तयार करावे, हेही धोरण होते. मराठीत त्याचे फळ सर्वांना माहीत आहे. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित केले. एकूण ५६ गीते. सरकारी केंद्राने स्वतः घडवलेले संगीत लोकांनी असे डोक्यावर घेतल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. (धोरणे नेहमीच इतकी फळत नाहीत. १९४० साली आकाशवाणीने आपल्या संगीताला न शोभणारे वाद्य म्हणून पेटीवर बंदी घातली होती. ती १९७१ पर्यंत टिकली. या तीस वर्षांत गावोगावची भजनी मंडळे पेटी वाजवतच राहिली.)

आता कोलंबोकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांनी आपल्या फौजांसाठी तिथे शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारले होते. युद्ध संपल्यावर ते सिलोन सरकारकडे आले. एवढे मोठे यंत्र त्या छोट्या बेटाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. त्याचा खर्च भागवायचा तर ऐकणारे बाहेरचे हवेत आणि पैसे जाहिरातदारांचे. १९५० मध्ये रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. दोन वर्षांनी शेजारच्या देशाने सिनेसंगीत बंद केले, आणि कोट्यवधी लोकांची आवड जणू मोकळी पडलेली मिळाली.

३ डिसेंबर १९५२ ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका टूथपेस्टची जाहिरात करणारा हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि तिथून लघुलहरींवर स्वार होऊन आयनांबराला टेकून आवाज परत भारतात येई. म्हणजे मुंबईत अमीन सायानी जे बोलत ते ३०० किलोमीटरवरच्या सोनगीरला यायला आधी दीड हजार किलोमीटर दक्षिणेला जाई आणि साडेसोळाशे किलोमीटर परत येई. सरळ रस्ता बंद असला की असे होते. सुरुवातीच्या गीतमालेत सात गाणी मागेपुढे लावून वाजवत आणि श्रोत्यांनी त्यांचा कालक्रम लावून पाठवायचा असे. बक्षीस १०० रुपये. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांवर गेली, असे सायानी नंतर सांगत. पुढे पत्रे, रेडिओ श्रोता संघ आणि तबकड्यांचा खप यांवरून गाण्यांची क्रमवारी लागू लागली. त्या काळात एक विनोद प्रचलित होता : दहा घरांची पाहणी केली, नऊ घरांत सिलोन लागले होते आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडला होता.

या दोन केंद्रांमध्ये फरक काय होता? आपण म्हणू, एकाकडे अभिरुची होती आणि दुसऱ्याकडे बाजार. हे खरे आहे. पण आणखी एक फरक होता. सिलोन आपले श्रोते मोजत होते आणि आकाशवाणी मोजत नव्हती. मोजण्याची ती पद्धत सदोष होती, हेही खरे. पत्र लिहिणारा श्रोता म्हणजे सगळे श्रोते नव्हेत. ज्याला लिहिता येते, पोस्टकार्डाला पैसे आहेत आणि नाव ऐकण्याची हौस आहे, तोच मोजला जातो. झुमरी तलैया या बिहारमधल्या (आता झारखंडातल्या) गावाचे नाव फर्माइशींमुळे देशभर झाले, याचा अर्थ तिथे सर्वांत जास्त रसिक राहत होते असा नाही. तिथे पत्रे लिहिणारे जास्त होते. संख्याशास्त्रात याला नमुना निवडीतला दोष म्हणतात. तरीही सदोष मोजणीने मोजणीच्या अभावावर मात केली.

आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ ला उत्तर दिले, ते म्हणजे विविध भारती. सुरुवातीला मुंबई आणि मद्रास इथल्या लघुलहरी प्रक्षेपकांवरून ती देशभर ऐकू जाऊ लागली. सिलोनशी त्याच्याच लहरींवर सामना झाला. सिनेसंगीत मानाने परत आले. आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिरातीही आल्या, त्या सर्वांत आधी मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. तोपर्यंत ट्रान्झिस्टर आला होता. चावडीवरचा किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यातला रेडिओ शेताच्या बांधावर आला.

खानदेशाला स्वतःचे केंद्र मिळाले ते १९७६ साली, जळगावला. पुढे ते ९६३ किलोहर्ट्झवर लागे. (३,००,००० ला ९६३ ने भागले की तरंगलांबी सुमारे ३११ मीटर येते. तसेच ९६३ ला ९ ने भाग जातो, कारण १९७८ पासून जगाच्या आपल्या भागात मध्यमलहरी केंद्रे ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडली आहेत. विद्यार्थ्यांना इतर मध्यमलहरी केंद्रांचे आकडे शोधून भागाकार करायला सांगावे.) जळगाव ते सोनगीर अंतर सुमारे ८० किलोमीटर. मध्यमलहरीला ते दिवसाही जड नाही. धुळ्याचे आकाशवाणी केंद्र नंतरचे, स्थानिक केंद्रांच्या योजनेतले आणि एफएमवरचे.

प्रादेशिक केंद्राने कोणते संगीत वाजवावे? आकाशवाणीचे उत्तर गोधडीसारखे आहे. सकाळी भक्तिगीते, मग भावगीते, थोडे शास्त्रीय, दुपारी लोकगीते, संध्याकाळी शेतीची माहिती, मध्ये बातम्या. प्रत्येकासाठी थोडे थोडे. ज्याला जे हवे त्याने त्या वेळी लावावे. याच्या उलट पद्धत अमेरिकेत रुजली, साधारण गीतमालेच्याच काळात. ओमाहा शहरातल्या टॉड स्टॉर्झ या केंद्रमालकाने पाहिले, की हॉटेलातल्या गाण्याच्या यंत्रात लोक नाणी टाकून तीच ती मोजकी गाणी पुन्हापुन्हा लावतात, अशी कथा सांगतात. मग त्याने केंद्रावर दिवसभर तीच गाणी लावली. एका केंद्राने दिवसभर एकाच जातीचे संगीत द्यायचे, म्हणजे श्रोत्याने केव्हाही लावले तरी हवे ते मिळेल, या कल्पनेला तिकडे ‘फॉरमॅट’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे आला तो खासगी एफएमबरोबर.

इथे थोडे गणित करू. गीतमाला सुरू झाली त्याच १९५२ साली पीटर स्टायनर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा युक्तिवाद आपण आपल्या आकड्यांनी समजून घेऊ. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा एका तालुक्यात १०० श्रोते आहेत. ७० जणांना हिंदी सिनेगीते हवी आहेत, २० जणांना मराठी भावगीते-अभंग आणि १० जणांना अहिराणी गाणी. जे हवे ते मिळाले नाही तर माणूस रेडिओ बंद करतो. केंद्राला पैसे श्रोत्यांच्या संख्येवर मिळतात, आणि सारखेच संगीत देणाऱ्या केंद्रांत श्रोते सारखे वाटले जातात.

पहिले केंद्र अर्थातच हिंदी वाजवील : ७० श्रोते. दुसऱ्याने मराठी वाजवले तर २०, हिंदी वाजवले तर सत्तरचे निम्मे, ३५. तेही हिंदीकडे जाईल. तिसऱ्यापुढे मराठीचे २० आणि हिंदीचे सुमारे २३, तेही हिंदीकडे. चौथे आले की हिंदीत साडेसतरा वाट्याला येतात आणि मराठीत २०. मराठीला केंद्र मिळाले ते चौथे! आता अहिराणीचे १० जण. पाचव्याला हिंदीत साडेसतरा, सहाव्याला १४, सातव्याला पावणेबारा. आठव्या केंद्राला हिंदीत १० आणि अहिराणीतही १०. म्हणजे सात केंद्रे उभी राहीपर्यंत अहिराणीचा विचार करणे कोणालाही परवडत नाही. आणि यात कोणी दुष्ट नाही, कोणाची अभिरुची हलकी नाही. प्रत्येक जण बरोबर हिशोब करतो आहे.

आता हीच तीन केंद्रे एकाच मालकाची आहेत असे धरा. तीनही हिंदी लावून त्याला ७० च श्रोते मिळतील. एक हिंदी, एक मराठी, एक अहिराणी लावले तर शंभरच्या शंभर. स्पर्धेने विविधता वाढते असे आपण धरून चालतो. इथे ती एकाधिकाराने वाढली. अर्थात गृहीतक बदलले की उत्तर बदलते. अहिराणी नाही मिळाले तर हिंदीवर भागवणारे श्रोते असतील, तर एकटा मालक एकच हिंदी केंद्र चालवील आणि पैसे वाचवील. विद्यार्थ्यांनी आकडे बदलून पाहावेत. २० च्या जागी ४० घातले तर दुसरेच केंद्र मराठी होते.

प्रत्यक्षात काय झाले? खासगी एफएमसाठी पहिला लिलाव १९९९-२००० मध्ये झाला. ४० शहरांत १०८ परवाने देऊ केले होते. बोली फार चढल्या. मुंबईत एका परवान्याला वर्षाला पावणेदहा कोटी रुपये, आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ. (चक्रवाढीने ही रक्कम पाच वर्षांत दुप्पट होते, करून पाहा.) शेवटी १२ शहरांत मिळून २१ केंद्रे चालू झाली. एवढे देणे डोक्यावर असलेला माणूस सत्तर सोडून वीसच्या मागे जात नाही. शिवाय खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यामुळे वेगळेपणा दाखवायला गाण्यांखेरीज फारसे काही उरत नाही. २००५ च्या धोरणात सरकारने पद्धत बदलली : एकदाच प्रवेश शुल्क आणि नंतर उत्पन्नाचे चार टक्के. मग लहान शहरांत केंद्रे निघाली, त्यांत जळगावही होते. धुळ्याची पाळी तिसऱ्या टप्प्यात आली. पण अशा शहरांच्या वाट्याला परवाने साधारण चारच. आपल्या उदाहरणात मराठी केंद्र कितवे होते, ते आठवा.

मोजणीचेही पाहा. खासगी केंद्रांसाठी श्रोत्यांच्या रोजनिशा भरून घेण्याची पद्धतशीर मोजणी २००७ मध्ये सुरू झाली, ती मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळूर या चार शहरांत. खानदेशातला श्रोता त्यात नव्हता.

कॅनडाने या गणितात कायद्याने हात घातला. शेजारी अमेरिकेसारखा गाण्यांचा प्रचंड कारखाना, सीमेपलीकडून येणाऱ्या लहरी आणि भाषाही तीच. तिथल्या केंद्राला स्वस्त आणि हमखास चालणारे गाणे अमेरिकेचेच. म्हणून १९७१ पासून लोकप्रिय संगीतातली निदान ३० टक्के गाणी कॅनडाची असली पाहिजेत असा नियम झाला, १९९९ पासून ३५ टक्के. फ्रेंच भाषेच्या केंद्रांवर फ्रेंच गाण्यांचा वाटा वेगळा ठरवलेला आहे. तिथे छोट्या गावात केंद्र काढणाऱ्याला आधी या टक्केवारीत बसणारे संगीत निवडावे लागते, मग नफ्याचा हिशोब. केसकरांच्या दहा टक्क्यांशी याची तुलना करण्याजोगी आहे. त्यांनी लोकांना आवडणाऱ्या गाण्यांवर कमाल मर्यादा घातली. कॅनडाने टिकवायच्या गाण्यांना किमान जागा दिली आणि बाकीचे मोकळे सोडले. दोन्ही टक्केवारीच, पण श्रोता पळाला तो पहिल्या प्रकारात.

अहिराणीचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. आखाजीची झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाई बसते तेव्हाची गाणी, लग्नातली गाणी हा ठेवा रेडिओला पुरून उरेल एवढा आहे. खासगी केंद्राच्या हिशोबात तो आठव्या क्रमांकावर. मग अलीकडच्या वर्षांत मोबाइल आणि यूट्यूब आले, आणि ‘हाई झुमकावाली पोर’सारखी अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली, अहिराणी न समजणाऱ्यांनीही ती वरातीत वाजवली. १९५२ साली जे सिलोनने केले ते या वेळी यूट्यूबने केले. तिथे प्रत्येक ऐकणे मोजले जाते, पोस्टकार्ड लागत नाही. मात्र नव्या गाण्यांना हे लाभले म्हणून कानबाईच्या गाण्यांनाही लाभेल असे नाही; ती वर्षातून एकदा, एका घरात, ठरावीक बायकांनी म्हणायची असतात.

२००६ पासून भारतात संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. प्रक्षेपणाची शक्ती मर्यादित, मनोरा साधारण ३० मीटरचा. एफएम लहरी आयनांबराला टेकून परत येत नाहीत, क्षितिजापर्यंतच जातात. हे अंतर काढण्याचे सूत्र सोपे आहे : मनोरा आणि ग्राहक यांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळे काढून बेरीज करायची आणि तिला ४.१२ ने गुणायचे, उत्तर किलोमीटरमध्ये येते. ३० मीटरचा मनोरा आणि २ मीटरवरचा ग्राहक असेल तर सुमारे २८ किलोमीटर. एवढ्या कमी शक्तीवर प्रत्यक्षात दहा-पंधरा किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. जळगावला १०० मीटरचा मनोरा धरला तर क्षितिज ४७ किलोमीटरवर संपते, म्हणून ८० किलोमीटरवरच्या सोनगीर गावात तिथले एफएम लागू नये. सपाटीपासून १०० मीटर उंच जागी रेडिओ नेला तर हेच अंतर ८२ होते. किल्ल्यावर सहल नेणार असाल तर एक एफएम रेडिओ बरोबर ठेवा.

आणि वर्गात एक प्रकल्प करता येईल. सोनगीरसाठी असे छोटे केंद्र काढायचे आहे असे समजा. संगीत कोणते ठेवाल? मुलांनी ‘तुम्हांला काय आवडते’ असे विचारू नये. पाहुण्यासमोर माणूस अभंग आवडतो म्हणतो आणि एकटा असला की दुसरेच लावतो. विचारायचे ते असे : काल संध्याकाळी सात ते आठ या वेळात घरात कशावर, कोणते गाणे लागले होते? आपल्या घरी आणि शेजारच्या दोन घरी विचारावे. शिकलेल्यांची घरे आणि न शिकलेल्यांची घरे, बाया आणि पुरुष, शेतकरी आणि महामार्गावरचे धाबेवाले, अशा सगळ्यांची नोंद वेगळी ठेवावी. मग तीन-चार प्रकारांत आकडे मांडून स्टायनरचे गणित करावे. तांबट कारागिरांकडे जाताना मात्र हातोड्यांचे ठोके थांबल्यावर जावे, आणि त्यांना सातची नव्हे, काम संपल्यानंतरची वेळ विचारावी. ठोके चालू असताना कुठलेच गाणे ऐकू येत नाही.